लोकांचा ऋणको

आमच्या चिमूरकडे धान घरात आले, की झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या गावी मंडप पडतो, माणसे तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात आणि पहाटे चपला शोधीत घरी जातात. गेल्या वर्षी अशाच एका मंडईहून परतताना माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला गाठले.

“सर, पैसे नसले त सिनेमा निघते का?”

१६ ऑगस्ट १९४२ रोजी या गावाने इंग्रजी सत्तेविरुद्ध जो उठाव केला, त्यावर त्याला चित्रपट काढायचा आहे. कथा त्याची, दिग्दर्शन त्याचे, संगीतही त्याचेच! घरची जुनी पेटी आणि हातातला मोबाईल, एवढेच काय ते भांडवल. मराठीच्या मास्तराने याला काय सांगावे? मला एकदम सुधीर फडके आठवले.

वाचकहो, ‘बाबूजी’ म्हटले, की आपल्याला गीतरामायण आठवते. २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेले रामचंद्र विनायक फडके वामनराव पाध्ये यांच्याकडे गाणे शिकले, आणि १९४६ साली ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’ला संगीत देऊन पुढे आले. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांची छप्पन्न गीते त्यांच्या चालींत घरोघरी पोहोचली. १९६० साली ‘जगाच्या पाठीवर’, १९६१ साली हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’. कोणीही सुखाने लोडाला टेकून बसावे, अशीच ही कमाई!

पण दुसऱ्याच्या चित्रपटाला चाल देणे वेगळे आणि स्वतः चित्रपट उभा करणे वेगळे. चालीला पेटी पुरते. चित्रपटाला पेढी लागते. तरीही १९६३ चा ‘हा माझा मार्ग एकला’ त्यांनी स्वतः निर्माण केला. दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, आणि लहानग्या सचिनचे पडद्यावरील पदार्पण त्यातलेच.

खरी कसोटी पुढेच होती. उतारवयात त्यांनी सावरकरांच्या जीवनावर चित्रपट काढायचे मनावर घेतले. सावरकरांच्या विचारांविषयी वाचकांचे मत काहीही असो. आपण येथे पाहतो आहोत तो एका संगीतकाराचा निश्चय. १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात उतरलेल्या या गायकाला निश्चय काही नवा नव्हता. मोठ्या धनिकाच्या दारी न जाता त्यांनी लोकांपुढे झोळी पसरली. ज्या गळ्याने रसिकांना रिझविले, तोच गळा त्यांनी निधीसाठी झिजविला. वर्षांमागून वर्षे गेली. पैसा यायचा तसा खर्चायचाही, ज्यांनी वर्गणी दिली, ते “चित्रपट कुठवर आला?” म्हणून विचारणारच! सावकाराचे कर्ज एकाचे असते. लोकवर्गणीचे कर्ज हजारांचे असते, आणि त्याला मुदतवाढ मागायला एक दार नसते.

अखेर वेद राही यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वीर सावरकर’ पुरा झाला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पडद्यावर आला. बाबूजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढे वर्षही लोटले नाही, तोच २९ जुलै २००२ रोजी ते गेले. त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले, ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. स्वतःची कहाणी अर्धी टाकून या माणसाने लोकांचे देणे तेवढे पुरे केले!

हे सारे मी त्या मुलाला चहाच्या टपरीवर सांगितले. मालक नको म्हणणारा कलावंत मोकळा होतो, असे आपण समजतो. छे! एक मालक गेला, की हजार येतात. फरक इतकाच, की ते गाणे बदलायला सांगत नाहीत, पुरे करायला सांगतात. आमच्या झाडीपट्टीतला नटही हेच जाणतो. तिकीट काढून बसलेल्या शेतकऱ्याला उजाडेपर्यंत नाटक द्यावेच लागते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मंग किती वर्सं लागतीन, सर?”

मला उत्तर देववेना. त्याला परावृत्त करावे, नोकरी पाहा म्हणावे, असे क्षणभर मनात आले. बापाच्या मायेने आलेही असेल. पण त्याने खिशातून एक वही काढली, पहिल्या पानावर माझे नाव लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवून माझ्याकडे पाहिले.

नुसत्या आशीर्वादावर माझी सुटका होणार नव्हती. मी पाकीट काढले. आकडा त्याने लिहिला. आता तो माझा ऋणको आहे. भेटला, की मी विचारतो, “कुठवर आला?”

परवा त्याने एक चाल ऐकविली.