एक गुन्हा, दोन मापे

श्रोतेहो, ओतूरचा बाजार तुम्हा जुन्नर-आंबेगावच्या मंडळींच्या पायाखालचा. त्याच ओतुरातून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहिले होते. तो दुष्काळाचा काळ, आणि सत्यशोधक मंडळींच्या कामासाठी त्या या मुलखात आल्या होत्या. तेव्हा हे दांपत्य आपल्याला परके नव्हे. आज जो विषय काढायचा आहे, तो आपण चावडीवर बोलत नाही, आणि बोललोच तर कुजबुजतो. म्हणून त्यांच्याच हकिगतीपासून सुरुवात करू.

१८६३ च्या सुमाराची गोष्ट. पुण्यात जोतीरावांच्या एका स्नेह्याच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले, तेव्हा त्याने हात झटकले. लोकलाजेपायी तिने जन्मलेले मूल विहिरीत टाकले. ते उघडकीस आले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याला काय झाले? काही नाही. कायद्याने त्याला विचारले नाही, आणि पुण्यातल्या लोकांनीही त्याला वाळीत टाकले नाही. जोतीरावांनी मग आपल्या राहत्या घरात अशा विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या. पुढे पस्तीस बायका तिथे आल्या. पस्तीस बायका म्हणजे पुरुषही तितकेच असणार; त्यांची मात्र कुठे नोंद नाही.

सुरतेला १८८१ साली अशाच एका विधवेला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रे बायकांच्या चालीरीतींवर तुटून पडली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. छापली पुण्यात, किंमत नऊ आणे. त्यांचा सवाल साधा होता : जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत काय? पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले.

ही जुनी कथा झाली, असे कोणी म्हणेल. मग आपले नारायणगाव बघा. ती तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला जातात. समोर बसून शिट्टी मारणारा घरी जाऊन सभ्य गृहस्थ ठरतो. नाचणारीला मात्र 'तसलीच' म्हणतात. आणि तिच्यावर कोणी हात टाकला, तर 'तिचं काय एवढं' म्हणून गप्प बसतात. कला बघायला आवडते, पण तिचा नकार ऐकू येत नाही!

हेच माप एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मजूर आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची ना नव्हती, असा तो हिशेब. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले : मुकाट राहणे वेगळे, संमती वेगळी. ठाण्यात पोलिसासमोर उभ्या असलेल्या पोरीने ओरडायचे कुणाला? देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज तर कायद्यातच लिहिलेले आहे, की केवळ झटापट केली नाही एवढ्यावरून संमती होती असे धरायचे नाही.

आता दुसरी बाजू. 'असल्याला पकडून ठेचला पाहिजे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. राग समजतो, पण जमावाचा हात कुणावर पडेल याचा नेम नसतो. १८६८ मध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई सांगतात : एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गावाने दोघांना मारीत रस्त्याने फिरवले आणि जिवे मारायला काढले. बाई धावत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना वाचवून पुण्याला पाठवले. तिथे जबरदस्ती नव्हतीच! जबरदस्ती कोणती आणि राजीखुशी कोणती, हे विचारायला तो जमाव थांबला नव्हता. आणि जिथे आरोपी वजनदार घरचा असतो, तिथे हाच जमाव बैठक भरवतो आणि 'लग्न लावून टाका' म्हणतो. मुलीची शाळा सुटते ती वेगळीच.

गुरुजी आणि बाई, तुमच्यासाठी थोडे. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लपवणे हा गुन्हा आहे, शाळेची अब्रू हे कारण चालत नाही. पंचांनी मिटवले म्हणूनही तो मिटत नाही. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. मंचर-जुन्नरचे सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, पहिले उपचार फुकट आणि ताबडतोब करावे लागतात. मुलीचे नाव छापणे किंवा फोनवरून पसरवणे यालाही तुरुंग आहे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८. तो वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.