ओहमचे गणित

कुडाळच्या आसपासच्या जत्रांत दशावतार उभा राहिला की पखवाजाचा घुमारा छातीत जाणवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती हा खर्ज मिळावा म्हणूनच. मोटारीत खर्जाचे काम सबवूफर करतो. मात्र तो अँप्लिफायरला जोडण्यापूर्वी थोडे गणित करावे लागते.

स्पीकर विद्युत्प्रवाहाला करतो तो विरोध ओहममध्ये मोजतात. जर्मन शिक्षक जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार, दाब तोच असता विरोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो. ४ ओहमचे दोन सबवूफर एकापुढे एक जोडले तर एकूण विरोध ८ ओहम होतो, समांतर जोडले तर २. दाब २० व्होल्ट धरला, तर ४ ओहमला ५ अँपिअर प्रवाह व १०० वॅट शक्ती. २ ओहमला १० अँपिअर व २०० वॅट. आवाज वाढतो, तशी अँप्लिफायरमधील उष्णताही वाढते. तो ४ ओहमपुरताच बांधलेला असेल, तर तापून बंद पडतो, प्रसंगी जळतो. उलट ८ ओहमला धोका नाही. जोर तेवढा कमी.

म्हणून अँप्लिफायरसाठी सांगितलेला किमान ओहमचा आकडा आधी पाहावा, स्पीकरची बेरीज त्याखाली जाऊ देऊ नये, आणि मगच तारा जोडाव्यात.