माध्यान्हीचे दोन पक्षी : संख्याऱ्हासाची पूर्वचिन्हे आणि त्यांचे वाचन

चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेले ओरगडम आज मोटारउद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथून दक्षिणेकडे, चेंगलपट्टूच्या पलीकडे, तिरुक्कळुकुन्रम हे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. पक्षितीर्थ या नावानेही ते प्रसिद्ध आहे. टेकडीवरील वेदगिरीश्वराच्या मंदिरापाशी माध्यान्हीच्या सुमारास पांढऱ्या गिधाडांची एक जोडी येत असे आणि पुजाऱ्यांनी ठेवलेला भात, तूप व साखर यांचा नैवेद्य घेत असे. शापित ऋषीच पक्षिरूपाने येतात, अशी स्थलकथा आहे. एखाद्या दिवशी पक्षी आले नाहीत, तर जमलेल्यांत कोणी पापी असावा, असा अर्थ लावला जाई. १९९८ च्या सुमारापासून ही जोडी तेथे दिसेनाशी झाली.

पक्ष्याचे न येणे हे एक चिन्ह आहे आणि चिन्हांचा अर्थ लावणे हे साहित्याभ्यासकाचे नित्यकर्म आहे. एखाद्या प्राणिजातीची संख्या कोसळण्यापूर्वी त्याची चाहूल लागते काय, या प्रश्नाचा विचार गेल्या काही दशकांत गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने झाला आहे. त्या विचाराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराच्या मुळाशी उंबरठ्याची कल्पना आहे. रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, परिसंस्थेला एकाहून अधिक स्थिर अवस्था असू शकतात. परिस्थिती हळूहळू बदलत असतानाही एका विशिष्ट बिंदूपाशी व्यवस्था एकाएकी दुसऱ्या अवस्थेत कोसळते. खोलगट वाटीतील गोटी ढकलली तर ती त्वरेने तळाशी परतते. वाटी उथळ होत गेली की तीच गोटी परतण्यास अधिक वेळ घेते. उंबरठा जवळ आल्यावर व्यवस्थेला पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा हा विलंब, हेच पूर्वचिन्ह होय.

हा विलंब संख्येत असा उमटतो. एखाद्या वर्षीची संख्या सरासरीपासून जेवढी ढळली असेल, त्याचा ठरावीक अंश पुढील वर्षी शिल्लक राहतो, असे मानू. हा अंश ०.५ असेल, तर बाहेरील आघातांमुळे होणारे प्रचरण मूळ आघातांच्या प्रचरणाच्या १.३३ पट होते. अंश ०.९ झाला, तर ते ५.२६ पट होते. आघात तेवढेच असूनही चढउतार सुमारे चौपट वाढतात आणि प्रत्येक वर्ष मागील वर्षासारखे होत जाते. मार्टेन शेफर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या लक्षणांची एकत्रित मांडणी केली. त्यापूर्वी २००८ मध्ये विश्वेश गुट्टल आणि सी. जयप्रकाश यांनी आकडे एका बाजूस झुकू लागणे, म्हणजे त्यांची विषमता बदलणे, हेही पूर्वचिन्ह ठरू शकते, असे दाखविले होते. तात्पर्य, सरासरी स्थिर दिसत असतानाही तिच्याभोवतीची अस्वस्थता वाढत असते.

आता तिरुक्कळुकुन्रमकडे वळू. तेथील नोंद केवळ दोन, एक किंवा शून्य एवढीच असू शकते. जोडीतील एक पक्षी मेला आणि परिसरातील दुसऱ्याने त्याची जागा घेतली, असे समजा. तर नोंद पुन्हा दोनच राहील. पाठीमागचा साठा आटत असता पुढील दृश्य अविचल राहील आणि राखीव पक्षी संपल्यावर एकदम शून्य येईल. येथे नेमके असेच घडले, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या चिन्हावर आपली श्रद्धा असते, ते पूर्वसूचना देण्यास कितपत समर्थ आहे हे आधी तपासावे लागते, एवढे यातून निश्चित होते.

भारतातील अन्य गिधाडांची कथा अधिक तपशिलाने ज्ञात आहे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. अखेरच्या टप्प्यात घट दरसाल सुमारे ४४ टक्के होती. म्हणजे हजार पक्ष्यांचे पाच वर्षांत पंचावन्नच उरावेत. २००४ मध्ये लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाकडे बोट दाखविले. त्याच वर्षी रीस ग्रीन व सहकाऱ्यांनी प्रतिमान मांडून विचारले की, एवढी घट होण्यास किती मृत जनावरे विषारी असावी लागतील? उत्तर १३० मध्ये एक ते ७६० मध्ये एक, एवढे अल्प निघाले. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे जमतात, मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू प्रौढ होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे क्वचित आढळणारे विषही सर्वनाशास पुरते.

हे प्रतिमान मात्र पूर्वचिन्हांचे नव्हते. अनर्थ सुरू झाल्यावर केलेले ते कारणाचे वाचन होते. उंबरठ्याकडे सावकाश सरकणाऱ्या व्यवस्थेत विलंब दिसतो. विषाने प्रौढ पक्षीच झपाट्याने मरू लागले, तर विलंब दिसण्यास अवधीच राहत नाही. शिवाय प्रचरण मोजण्यास दीर्घकालीन, नियमित गणना हवी आणि सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याची गणना सहसा कोणी करीत नाही.

दुसरी मर्यादा साहित्याभ्यासकाला विशेष परिचयाची वाटेल. कार्ल बॉटिगर आणि ॲलन हेस्टिंग्ज यांनी २०१२ मध्ये असे दाखविले की, ज्या व्यवस्था कोसळल्या त्यांचीच मागील आकडेवारी निवडून तपासली, तर निव्वळ योगायोगाने झालेल्या पतनातही पूर्वचिन्हे सापडतात. शोकांतिकेचा शेवट ठाऊक असलेला वाचक पहिल्या अंकातील प्रत्येक उद्गारात सूचना पाहतो, तसेच हे आहे. म्हणून एकाच चिन्हावर विसंबू नये, हा मार्ग सुचविला जातो. क्रिस्टोफर क्लेमेंट्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या नोंदी तपासल्या. तेव्हा पकडलेल्या माशांचा घटता आकार आणि संख्येतील अस्थिरता यांचा एकत्रित विचार अधिक उपयुक्त ठरला.

भारतात पशुवैद्यकातील डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतील औषध गुरांना दिले जात राहिले. २०१५ मध्ये कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर ठरविण्यात आली. औषधनिर्मात्यांनी तिला आव्हान दिले आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. पापी कोण, या जुन्या प्रश्नाला या निर्णयाने जणू मोजमाप प्राप्त झाले.

तथापि जुने वाचन सर्वस्वी त्याज्य मानता येणार नाही. पक्षी न येण्याचे कारण माणसांच्या आचरणात शोधावे, ही त्यातील दिशा योग्यच होती. त्या वाचनात उणीव होती ती पाठीमागचा साठा मोजण्याची. पक्षी येत आहेत तोवर त्यांच्या येण्यातील अनियमिततेची नोंद ठेवणे, एवढे जरी आपण या शास्त्राकडून शिकलो, तरी एखाद्या टेकडीवरील माध्यान्ह रिकामे होण्यापूर्वी काही करता येईल.