अभिलाषा आणि नियती : मेनका यांचे ‘मालविकाग्निमित्र’

बॅले म्हणजे संवादांऐवजी नृत्य, संगीत व मूकाभिनय यांतून कथा उलगडणारा रंगप्रयोग होय. बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळ्यात लीला सोखी ऊर्फ मेनका (१८९९–१९४७) यांनी ‘नृत्यालयम्’ ही संस्था स्थापून या प्रकाराला भारतीय नृत्यशैलींचा भक्कम पाया दिला.

निर्मिती : कालिदासाच्या नाटकावर आधारलेल्या ‘मालविकाग्निमित्र’ (१९३९) या त्यांच्या अखेरच्या मोठ्या निर्मितीत कथकसह विविध शास्त्रीय शैलींचा मेळ घातलेला होता.

कथासूत्र : मूळ नाटकात मालविकेचे चित्र पाहून राजा अग्निमित्राच्या मनात अभिलाषा जागते; पुढे अशोकाला बहर यावा म्हणून ती अळत्याने रंगवलेल्या, नूपुर घातलेल्या पावलाने त्याला स्पर्श करते, कारण फुलण्याआधी झाडालाही अशी इच्छा होते, असा काव्यसंकेत असून या इच्छेला ‘दोहद’ म्हणतात. वर्षभर दास्य भोगल्यावर मालविकेला अनुरूप पती लाभेल, हे भाकीत मात्र एका सिद्धाने आधीच केलेले असते. त्यामुळे अभिलाषा आणि नियती येथे परस्परांना पूरक ठरतात.

वारसा : बालपणापासून मेनका यांच्या पथकात घडलेल्या दमयंती जोशी यांनी पुढे एकल कथकनृत्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली.