रोगाचे मूळ

वैद्यकाच्या विद्यार्थ्यास शरीराची ओळख ग्रंथांतून होते. रोगाचे मूळ मात्र पुष्कळदा घरात, शेतात वा पाणवठ्यावर असते. म्हणूनच वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक नवा वर्ग एक खेडे दत्तक घेतो. विद्यार्थी तेथे मुक्काम करून कुटुंबांचे अन्न, पाणी, मिळकत व शिक्षण यांची विचारपूस करतात.

याचे महत्त्व पटण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्या धार जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. त्याने मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडांतही व्यंग येते. तेथे नुसते औषध काय करणार? पाणीच बदलले पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी जो डॉक्टर होईल, त्याने रोग्याची नाडी पाहताना त्याच्या घरचा माठ कोठल्या पाण्याने भरतो, हेही विचारावे, एवढीच आमची अपेक्षा.