नाकाचा भरंवसा

श्रोतेहो, म्हसवडसारख्या माणदेशांतील कोरड्या, मोकळ्या हवेच्या गांवचा मास्तर आज दुर्गंधाविषयीं बोलणार आहे, याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्यानें शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें, त्याची सडक्या अंड्यांच्या वासाशीं गांठ पडलेलीच असते.

हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. लोह-सल्फाइडावर सौम्य गंधकाम्ल पडलें कीं तो निघतो. क्षारांतील धातु ओळखण्यासाठीं किपच्या उपकरणांतून तो काढण्याची जुनी रीत आहे. द्रावणांत तांबें असल्यास काळा साका बसतो, कॅडमियम असल्यास पिवळा.

अनेक वर्षांपूर्वीं एके दिवशीं धुळीचा वारा सुटला, म्हणून मींच वर्गाच्या खिडक्या लावविल्या. आरंभीं मुलें नाकें धरून हंसलीं. पुढें वास येईनासा झाला. तेवढ्यांत शिपाई दारांत आला आणि थबकून म्हणाला, "गुरुजी, केवढी घाण सुटली आहे!" तेव्हां माझे डोळे उघडले. एका मुलाचें डोकें दुखूं लागलें होतें. मोकळ्या हवेंत नेल्यावर त्यास बरें वाटलें. वास गेला नव्हता; आमचीं नाकें थकलीं होतीं.

या वायूचें कपट यांतच आहे. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा एक भाग नसला तरी नाकास तो कळतो. शंभर भाग झाले कीं कांहीं मिनिटांतच घ्राणशक्ति लोपते. पांचशेंच्या पुढें माणूस कोसळतो. म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला, असें मानूं नये.

मग करावें काय? अत्तर किंवा उदबत्ती केवळ वास झांकते आणि रुमालानें वायु अडत नाहीं. प्रयोग धुराड्याच्या कपाटांत करावा. पदार्थ थोडाच घ्यावा. उरलेला वायु कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत जिरवावा. त्या द्रावणांत मात्र पुन्हां अम्ल ओतूं नये, नाहीं तर तोच वायु परत बाहेर पडतो. वास पाहणें झालेंच तर नळीवर नाक न टेकतां हातानें किंचित् हवा आपल्याकडे ओढावी.

हाच वायु मैल्याच्या टाक्यांतहि सांचतो. तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं राहतो. आंत पडलेल्यास काढण्यासाठीं दुसरा उतरतो आणि तोहि प्राणास मुकतो. अशा वेळीं स्वतः न उतरतां अग्निशामक दलास बोलवावें.

तथापि दुर्गंधाचे उपकारहि आहेत. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील न्यू लंडन या गांवच्या शाळेंत गंधहीन नैसर्गिक वायु गळून स्फोट झाला. सुमारें ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुलें होतीं. त्यानंतर अशा वायूंत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा तेथें झाला. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वासहि असाच मिसळलेल्या मर्कॅप्टनचा आहे.

म्हणून श्रोतेहो, दुर्गंध आला कीं प्रथम खिडकी उघडावी. नाकाची पहिली हांक ऐकावी. ती दुसऱ्यांदा येईलच, असा भरंवसा नाहीं.