जमा आणि हासिल : व्हिडिओ गेमच्या खपाचे आकडे कसे वाचावेत?

एखाद्या व्हिडिओ गेमच्या दहा लाख प्रती खपल्याची बातमी आली, की तो घडवणाऱ्या स्टुडिओची चिंता मिटली, असा समज सहज होतो. हा समज आता केवळ हौशी खेळाडूंपुरता राहिलेला नाही. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिगटाची घोषणा झाली. कर्नाटक, तेलंगणा, महाराष्ट्र या राज्यांनी या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणे आखली आहेत. सवलती, अनुदाने आणि कर्जे यांच्या रूपाने सार्वजनिक पैसा या उद्योगाकडे वळत असताना त्याचे आकडे वाचण्याची रीत धोरणकर्त्यांना आणि बँकांना अवगत असायला हवी.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे मोगल महसूलव्यवस्थेतील दोन शब्द आठवतात : ‘जमा’ आणि ‘हासिल’. जमा म्हणजे कागदोपत्री आकारलेले उत्पन्न, हासिल म्हणजे प्रत्यक्ष वसूल झालेले. या दोहोंतील अंतर इतके वाढले, की शहाजहानच्या काळात जहागिरींचे मोल महिन्यांत मोजण्याची पद्धत रूढ झाली. आकारणीच्या निम्माच वसूल देणारी जहागीर ‘सहामाही’ ठरे. जमेवर विसंबून फौज बाळगणारा मनसबदार अडचणीत येई. खपाचा आकडा ही स्टुडिओची जमा आहे. पगार मात्र हासिलातून द्यावे लागतात.

हे अंतर कसे पडते, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. भारतातील ग्राहकाने एका खेळासाठी करासह एक हजार रुपये मोजले असे समजू. अठरा टक्के वस्तू व सेवा कर वजा जाता सुमारे ८४७ रुपये उरतात. ‘स्टीम’सारखे ऑनलाइन दुकान सर्वसाधारणपणे तीस टक्के वाटा घेते. मग हाती येतात सुमारे ५९३ रुपये. शिवाय स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळ झाला असल्यास पैसे परत मागता येतात. काही महिन्यांत सवलतींचा हंगाम सुरू होतो आणि तीच प्रत निम्म्या किमतीला जाते. म्हणजे पहिल्या आठवड्यातील लाख प्रती आणि दुसऱ्या वर्षातील लाख प्रती सारख्या मोलाच्या नसतात. त्यातच निर्मितीचा खर्च प्रकाशकाने उचललेला असेल, तर तो वसूल होईपर्यंत स्टुडिओच्या वाट्याला विक्रीतून काहीच न येण्याचीही शक्यता असते.

फिनलंडमधील ‘रेमेडी’ या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचे समभाग हेलसिंकीच्या बाजारात नोंदलेले असल्याने तिची स्थिती जाहीर अहवालांतून पाहता येते. तिचा ‘ॲलन वेक २’ हा खेळ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीपर्यंत त्याच्या तेरा लाख प्रती विकल्या गेल्या होत्या आणि कंपनीच्या इतिहासातील तो सर्वांत वेगाने खपलेला खेळ ठरला होता. तरीही त्यावरील स्वामित्वशुल्क कंपनीच्या खात्यात जमू लागले ते २०२४ संपताना. निर्मितीचा आणि जाहिरातीचा खर्च ‘एपिक गेम्स’ या प्रकाशकाने केला होता आणि तो आधी वसूल व्हायचा होता. यात फसवणूक कोणाची नाही. करारच तसा होता, आणि जोखीमही प्रकाशकाने घेतली होती. मधल्या काळात कंपनी तगली, ती मुख्यतः इतर प्रकल्पांसाठी भागीदारांकडून मिळणाऱ्या विकासशुल्कावर.

याच कंपनीने पुढे स्वतः प्रकाशित केलेला ‘एफबीसी : फायरब्रेक’ जून २०२५ मध्ये आला. पंधरवड्याच्या आत दहा लाख खेळाडूंचा टप्पा त्याने गाठला. परंतु त्यांतील बहुसंख्य मासिक वर्गणीच्या सेवांतून आलेले होते. खेळाडूंची संख्या म्हणजे विकलेल्या प्रती नव्हेत. ऑक्टोबरमध्ये कंपनीला या खेळाचे पुस्तकी मूल्य सुमारे दीड कोटी युरोंनी घटवावे लागले, आणि त्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. ‘दहा लाख’ हा आकडा दोन्ही वेळा जाहीर झाला, पण त्यामागचा अर्थ दोन्ही वेळा वेगळा होता.

उलट बाजूही पाहायला हवी. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’चा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि वर्षअखेरपर्यंत त्याच्या सुमारे एक कोटी सदतीस लाख प्रती गेल्या. मात्र खेळातील दोषांमुळे ‘सोनी’ने तो काही दिवसांतच आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. समभाग कोसळले. तरीही कंपनी बुडाली नाही. खेळाची मालकी आणि प्रकाशन तिच्या हाती होते, ‘द विचर’ या जुन्या मालिकेचा खप चालू होता, आणि दोष दुरुस्त करण्याइतकी सवड तिच्यापाशी होती. २०२३ मध्ये खेळाचा विस्तारित भाग आला आणि २०२४ संपण्यापूर्वी मूळ खेळाचा एकूण खप तीन कोटींवर पोचला. सलामीच्या आकड्यावरून या कंपनीची भरभराट वर्तवणारे चुकले असते आणि पहिल्या महिन्यातील नाचक्कीवरून तिचा अंत वर्तवणारेही चुकले असते.

परदेशातील या चढउतारांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. बेंगळुरूच्या ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ची कहाणी त्याचे उत्तर देते. १९९७ मध्ये स्थापन झालेला हा स्टुडिओ परदेशी खेळांसाठी कलाकाम करून नावारूपाला आला. पुढे तो स्वीडनच्या ‘स्टारब्रीझ’कडे गेला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये स्टारब्रीझचा एक मोठा खेळ अपेक्षेइतका खपला नाही, डिसेंबरात कंपनीने न्यायालयीन पुनर्रचनेसाठी अर्ज केला, आणि २०१९ मध्ये ध्रुवची विक्री ‘रॉकस्टार गेम्स’ला झाली. बेंगळुरूतील कामाच्या गुणवत्तेत खोट नसतानाही मालक बदलला. दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या स्टुडिओला नियमित शुल्क मिळते आणि खपाची थेट जोखीम त्याच्यावर नसते, हे खरे. पण ती जोखीम मालकाच्या किंवा ग्राहककंपनीच्या दारातून आत येऊ शकते.

देशांतर्गत बाजाराची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. मोबाइल खेळ उतरवून घेण्याच्या संख्येत भारत जगात अग्रभागी आहे, मात्र प्रतिखेळाडू उत्पन्नात बराच मागे. दुसरे म्हणजे कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अधिनियमाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. बंदीच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. मात्र अशा खेळांवर उभ्या असलेल्या कंपन्यांचे मागील वर्षांचे महसुली आकडे भविष्याच्या दृष्टीने एका आठवड्यात निरुपयोगी झाले.

तेव्हा अनुदानाची किंवा कर्जाची शिफारस करणाऱ्या समितीने खपाच्या आकड्यासोबत चार गोष्टी मागवाव्यात. कर, दुकानाचा वाटा, परतावे आणि प्रकाशकाची वसुली वजा जाता हाती आलेली रक्कम किती? दरमहा खर्च पाहता शिल्लक किती महिने पुरेल, आणि पुढचा खेळ त्याआधी बाजारात येईल काय? खेळाचे स्वामित्वहक्क कोणाकडे आहेत? उत्पन्नाचा किती भाग एकाच ग्राहकावर, एकाच दुकानावर किंवा कायद्याच्या एकाच तरतुदीवर अवलंबून आहे? निर्मितीखर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवला असेल, तर लेखापरीक्षकाचे त्यावरील भाष्यही वाचावे.

यांपैकी कोणतीही माहिती मिळवणे अवघड नाही, कारण अर्जदार स्टुडिओकडे ती असतेच. ती विचारली गेली नाही, तर गाजलेल्या खेळाचा स्टुडिओ सहज मदत मिळवून जाईल आणि कमी खपाचा, पण हक्क स्वतःकडे राखून दोन वर्षांची शिल्लक बाळगणारा छोटा स्टुडिओ रांगेत मागे राहील. आपल्या तरुण कारागिरांच्या नोकऱ्या टिकण्याची शक्यता या दुसऱ्या ठिकाणी अधिक असू शकते.